बाबांसाठी लहान रिसॉर्ट

दादा,
मला आज लवकर निघावं लागतंय. बाबा झोपलेत. तू उठलास की आधी फोन कर आणि लहान रिसॉर्टच नक्की कर. मोठं ठरलं होतं, बाबांचाही तिथेच जीव अडकलाय, हे मला माहीत आहे. पण तिथले स्कीचे उतार डोंगराच्या दोन अंगांनी दोन वेगळ्या गावांत उतरतात. परवा बाबा कोपऱ्यावरून पाव घेऊन निघाले आणि शेजारच्याच इमारतीत, आपलं दार समजून, बेल वाजवत उभे राहिले. तुला बोलले नाही, कारण तू म्हणशील, "मग जायलाच नको." जायचंय, आणि याच हिवाळ्यात जायचंय. लहान रिसॉर्टचे सगळे उतार एकाच चौकात येतात. कुठूनही घसरत आले तरी आपल्यासमोरच येऊन थांबतील.

त्यांनी विचारलं तर सांग, बारकी उंचीला घाबरते. चिडले तर चिडू देत.

काल माझे स्कीचे बूट पुसताना त्यांनी मोठ्या कौतुकानं विचारलं, "तुला हे स्की करणं कुणी शिकवलं गं?" मी म्हटलं, "तुम्हीच की, बाबा." तर खूप हसले. त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय.

– बारकी