सावळाबाबांचा आवाज आणि माझा निर्दोष प्रोग्राम

७ डिसेंबर
डोकं फिरलंय. मोखाड्याच्या बियाणे प्रदर्शनासाठी जुन्या शेतकऱ्यांचे आवाज रेकॉर्ड करायचे, म्हणून दाभोशाला सावळाबाबांकडे गेलो. फोनवर पत्ता काय, तर घरातून निघालं की मोहाचं झाड उजव्या हाताला! मी मोहापाशी जीपमधून उतरलो, उजवीकडे वळलो, थेट परक्याच्या खळ्यात. कुत्र्याने पँट फाडली. पत्ता ऐकणारा जिथे उभा, तिथून सांगायचा असतो. वर रेकॉर्डिंग सुरू होताच बाबा बायकोवर ओरडले, सुके, पावन्याला चाय दे. नाचणीच्या बियाण्याचं बोलणं त्यानंतर. ते आधीचं कापायला हवं. बघू.

२१ डिसेंबर
पायथनमधला प्रोग्राम तयार. कणसाच्या फोटोवर क्लिक केलं की म्हातारा बोलतो. सगळे आवाज प्रोग्रामच्या शेजारी, 'आवाज' फोल्डरमध्ये. अख्ख्या जव्हारात हे जमणारा मी एकटा.

योगिता आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये हिशोबाचं टॅली शिकवते आणि बायको असल्यामुळे पायथनवरही बोलते. म्हणे, प्रोग्राम तुम्ही जिथून सुरू कराल तिथेच तो 'आवाज' फोल्डर शोधतो. दुसरीकडून सुरू केला तर? स्वतः कुठे आहे ते बघून तिथून शोधायला सांगा त्याला, एका ओळीचं काम. नाही सांगणार. टॅलीवाल्यांनी टॅली बघावी.

१८ जानेवारी
सावळाबाबा गेले. जीपवाला सांगत होता, सुकीबाय विचारते, म्हाताऱ्याचा आवाज मास्तरकडं हाय का? आहे म्हणजे काय! प्रदर्शनात ऐकवतो, असा शब्द पाठवला. वाईट वाटलं.

१० फेब्रुवारी
प्रोग्राम सुरू करायची फाइल तेवढी डेस्कटॉपवर आणली, प्रोग्राम आणि आवाज जुन्याच जागी. मोठा आयकॉन. टेस्ट नाही केली. चालणारी गोष्ट काय टेस्ट करायची?

११ फेब्रुवारी, दुपार
प्रदर्शनात कणसावर क्लिक केलं, तर प्रोग्राम म्हणे, फाइल सापडत नाही! पुन्हा क्लिक. पुन्हा तेच. जनरेटर भंगार, मांडव भंगार. सुकीबाय नवं लुगडं नेसून समोर बसलेली. म्हातारा कवा बोलल रं, विचारत होती. योगिता म्हणाली, सरका, फोल्डर उघडून तिथून चालवते. चारचौघांत! मी लॅपटॉप धाडकन मिटला. हात लावू दिला नाही. म्हातारी वाट बघून शेवटच्या जीपने गेली.

संध्याकाळ, घरी
फोल्डर उघडला, तिथूनच प्रोग्राम चालवला. पहिल्या क्लिकला चालला. म्हणजे चूक माझी नव्हतीच, हे सिद्ध झालं. योगिताला मुद्दाम बोलावलं. आली नाही.

आवाज अगदी स्वच्छ आलाय. सुके, पावन्याला चाय दे.