रजनीच्या तोंडावरचं तेज

१९ जानेवारी २०१४

रजनीला दिवस राहिलेत! चार वर्षांनी सूनबाईंनी तोंड गोड केलं. पण ते ल्यूपस आहेच मेलं पाठीला — आपलंच अंग आपल्यावर उलटतं म्हणे. माझ्या गोविंदशी लग्न ठरवताना माहेरच्यांनी हूं की चूं केलं नाही! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अम्मा, आजार शांत आहे म्हणून मी हो म्हटलं. गोळ्या बिलकुल बंद करायच्या नाहीत."

३ फेब्रुवारी

गोविंद सचिवालयात गेल्यावर तिला समोर बसवलं. म्हटलं, स्वतःच्या हाडांसाठी पोटातल्या जिवाला विष पाजतेस? रडली. "पण आई, डॉक्टर..." डॉक्टरला नातू होणार आहे का! गोळ्या मोरीत ओतल्या. दवाखान्यात 'घेते' म्हणून सांगायचं, गोविंदला काही बोलायचं नाही, असं ठरलं. म्हणजे मीच ठरवलं.

२१ फेब्रुवारी

तेलंगणा वेगळं होणार, पक्कं. सचिवालयातल्या माणसांचीही वाटणी होणार म्हणे. गोविंदला इथं ठेवतात की आंध्रात टाकतात, कोण जाणे. मांडीवर मूल आलं की तोच हलायचा नाही. मला एवढंच हवंय.

९ एप्रिल

रजनीच्या नाकागालांवर लाली आलीय. शेजारच्या सुशीलाबाई म्हणाल्या, "काय तेज चढलंय हो!" ती म्हणते सांधे दुखतात, ऊन सोसत नाही. मुद्दाम गच्चीवर पापड घालायला बसवली. नखरे एकदा खपवून घेतले की वाढतातच.

११ मे

पाय सुजलेत. कुणाचे सुजत नाहीत? लघवीला फेस येतो म्हणे — आणि हे सांगते कधी, तर मी जेवताना! तपासणीची तारीखही मीच पुढे ढकलली. उगाच परेशानी.

२ जून

नवं राज्य झालं. रस्ताभर ढोल, गुलाबी गुलाल. दवाखान्यात नेताना गाडी नामपल्लीला अडकली. रजनीला झटके येत होते. पोहोचलो तेव्हा पोटातलं मूल गेलेलं होतं. मुलगी होती.

रजनीची मूत्रपिंडं बिघडलीत. डॉक्टरीणबाई गोविंदसमोरच कडाडल्या, "आजार जागा झाला, त्यानंच बाळ नेलं! गोळ्या कुणी बंद केल्या?"

रजनीनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मीच."

मी भ्याले.

७ जून

गोविंद तिच्या खाटेपाशी उभा राहून म्हणाला, "तूच मारलंस माझं पोर." मी तिथंच होते. मोसंबं सोलत होते. सोलत राहिले.

१८ जून

गोविंद दवाखान्यात जात नाही. दुसऱ्या लग्नाचं मी नुसतं सुचवून पाहिलं. नाही म्हणाला नाही.

२४ जून

रजनी आज घरी आली. आम्ही दोघं जेवत होतो. ती दवाखान्यातून आणलेल्या गोळ्या हातात घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. शांतपणे विचारलं, "आई, या घेतल्या तर चालतील? की ह्याही मोरीत ओतणार आहात?"

गोविंदचा घास हातातच राहिला. त्यानं तिच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.