तिसऱ्या वळणावर

प्रिय ताई,

हे संबोधन वाचून तुला हसू येईल. तू माझ्याहून वर्षभरानेच मोठी, त्यामुळे आईने कितीही डोळे वटारले तरी मी तुला कायम काडीच म्हणत आले. ताई म्हणून हाक आयुष्यात एकदाच मारली. ती कधी, ते शेवटी सांगते.

तुझं पत्र मिळालं. रविवारच्या निवड शर्यतीत तू स्वयंसेवक म्हणून येणार, उतारावरच्या तिसऱ्या वळणावर झेंडा घेऊन उभी राहणार आणि मी दिसले की ‘नजर पुढे’ असं ओरडणार. सोबत चार पानं भरून वळणांची चित्रं. काडे, तुला दुसरा उद्योग नाही का? सर पगार घेऊन जे शिकवतात, ते तू पप्पांच्या सायकलच्या दुकानात स्टुलावर बसून, वाकड्या चाकांचा आउट काढता काढता मला फुकट पाठवतेस. वसतिगृहातल्या मुली तुझी पानं वाचून फिदीफिदी हसतात. मीही हसते. नंतर दार लावून पाठ करते.

वळण मला तूच शिकवलंस, हे नाकबूल करत नाही. ब्रेक वळणाच्या आधी दाबायचा आणि आत शिरताना सोडायचा. बाहेरच्या बाजूचं पेडल खाली, सगळा भार त्या पायावर. आपण आडवं व्हायचं नाही, सायकल आडवी करायची. हनुवटी वळण संपतं तिकडे. ज्या दगडाला भिऊन बघशील त्याच दगडावर जाशील, हे तू दुकानामागच्या मैदानात तेलाचे रिकामे डबे मांडून सांगितलंस. मी प्रत्येक डब्याकडे बघायची आणि प्रत्येक डबा उडवायची. तू पोट धरून हसायचीस, आणि अख्ख्या गल्लीला बोलावून दाखवायचीस, बघा आमची ढब्बू कशी नेम धरून धडकते. तू ते केव्हाच विसरली असशील. माझ्या अजून डोक्यात आहे.

दोन वर्षांपूर्वी या प्रशिक्षण केंद्रात एकच जागा होती, ती तुला मिळणार हे ठरल्यासारखंच होतं. मी राखीव. राखीव म्हणजे तुझी पाण्याची बाटली धरायची, तुझे चिखलाचे बूट घासायचे, आणि पप्पा गिऱ्हाइकांना तुझे पराक्रम सांगत असताना पंक्चर काढायचं. शर्यतीच्या दिवशी मला तिसऱ्या वळणावर झेंडा देऊन उभं केलं होतं. माझ्या हातभर मागे झाडाचा तो जाड बुंधा होता.

पुढचं तुला आठवत नाही. डोक्याला मार बसला, आणि डॉक्टरांनी सांगितलं की त्या सकाळचं काही परत येणार नाही. म्हणून तू स्वतःच शोधून काढलंस. वाकलेलं पुढचं चाक दुकानात खिळ्याला टांगलंस, मातीवरच्या चाक घसरल्याच्या खुणेचा फोटो मिळवलास, आणि निष्कर्ष काढलास की तू वळणात ब्रेक दाबला. नवशिक्यासारखी चूक. पप्पाही गिऱ्हाइकांना तेच सांगतात, आणि तू मान खाली घालून स्पोक आवळत बसतेस. परवा लिहिलंस, पाय दोन बोटं आखूड झाला त्याचं काही नाही, पण ती चूक झोपू देत नाही. मी ते वाचून जेवायला गेले. दोनदा भात घेतला.

ब्रेक तू दाबलास, पण आधी बघितलंस. बघितलंस, कारण मी हाक मारली. काडी म्हणून हाक मारली असती तर तू ढुंकूनही पाहिलं नसतंस, गेली वीस वर्षं पाहत नव्हतीस. मी ताई म्हणाले, आणि तू चमकून माझ्याकडे पाहिलंस. तुझी सायकल तुझ्या नजरेमागे आली, मी बाजूला झाले. तुला खरचटावं, तू एका जागेपुरती मागे पडावीस, एवढंच मला हवं होतं. नंतर मला वाईट वाटलं, पण जागा परत द्यावीशी वाटेल इतकं नाही.

माफीसाठी हे लिहीत नाहीये. मी सरांना सांगून स्वयंसेवकांच्या यादीतून तुझं नाव काढलंय. तुला फार वेळ उभं राहवत नाही असं मी त्यांना म्हणाले, ते तर खरंच आहे. पण मी तुला ओळखते, तू पाय ओढत प्रेक्षकांतून तिथे पोचशीलच, आणि माझ्या काळजीने ओरडशीलच. तुझ्या तोंडून काहीही निघालं तरी मी तुझ्याकडे बघणार, आणि तो बुंधा अजून तिथेच आहे. ही गोष्ट सांगितल्याशिवाय तू घरी थांबली नसतीस. आता थांबशील. चित्रं मात्र पाठवत जा. चौथ्या वळणाचं राहिलंय.

तुझीच,
ढब्बू