तुम्ही मला दिलेली शपथ

तात्या, परवा विधानसभेच्या सभागृहात माझा शपथविधी झाला आणि उद्या नाशकात मला राज्यकारभारातल्या नीतीवर बोलायचं आहे. भाषण तयार आहे, पण कागद हातात घेतला की तुमचा आवाज ऐकू येतो. तुम्ही कोर्टात पट्टेवाले. साक्षीदारांना शपथ देणं तुमचं काम. त्यांना चपला बाहेर काढायला लावायचात, हिंदूला ईश्वराची, मुसलमानाला खुदाची आठवण करून द्यायचात आणि हळूच म्हणायचात, "घाई नाही, नीट विचार करून बोला." घरी मात्र देवाची शपथ खपत नसे. मी लहानपणी गूळ चोरून खाल्ला आणि देवाशपथ नाही म्हणालो, तेव्हा तुम्ही भरल्या पानावरून उठलात. "गूळ खा हवा तेवढा. देवाला साक्षीला कशाला बोलावतोस?"

तीस सालातल्या त्या मिरवणुकीत मी एका म्हाताऱ्या मुसलमानाच्या टांग्यावर उभा राहून बोलत होतो, तेही अहिंसेवर. माझ्या शेजारच्या स्वयंसेवकाने दगड मारला. फौजदाराचं डोकं फुटलं आणि पोलिसांनी धरलं टांगेवाल्याला. त्याने साक्षीला मलाच बोलावलं. "साहेब, दोन्ही हातांत लगाम होता. दगड काय दातांनी मारला?" असं तो म्हणाला तेव्हा सगळं कोर्ट हसलं. मग मी पिंजऱ्यात उभा राहिलो, तुम्ही पुढे आलात आणि म्हणालात, "घाई नाही, नीट विचार करून बोला." आयुष्यात एकदाच तुम्ही मला अहोजाहो केलंत. मी सांगितलं की माझं तोंड लोकांकडे होतं, मला काही दिसलं नाही. चळवळीला डाग लागू नये, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. म्हाताऱ्याला सहा महिन्यांची सजा झाली. तो सुटून कुठे गेला, हे मी कधी विचारलं नाही. तुम्ही मात्र कोर्ट सुटलं की रोज त्याच्या घोड्याला गवत टाकून यायचात, असं तुम्ही गेल्यावर कळलं.

दुसऱ्याच दिवशी न्यायाधीश साहेबांचे पाय धरून तुम्ही शपथ देण्याचं काम सोडलंत आणि शेवटपर्यंत दप्तरं वाहिलीत. "पोराने मान खाली घालायला लावली यांना," असं आई म्हणायची. मीही तिला तसंच समजू दिलं. खरं आपल्या दोघांनाच ठाऊक. तुम्ही 'ईश्वरसाक्ष खरं सांगेन' म्हणालात तेव्हा मी नुसते ओठ हलवले. शब्द उच्चारला नाही तर शपथ लागणार नाही, ही माझी अक्कल. तुम्ही हातभर अंतरावर होतात. माझ्याकडे पाहिलंत, थोडं थांबलात आणि साहेबांकडे वळून म्हणालात, "शपथ झाली."

उद्याच्या भाषणात यातलं काही नाही. हे पत्रही माझ्याजवळच राहील. परवा सभागृहात मात्र मी शपथ फार मोठ्याने म्हटली, तात्या. लोक म्हणाले, काय आवाज आहे.