एका शर्टाला एक पान

४ जून
मूत्रपिंडाचा धडा पुन्हा वाचला. पुस्तक मिटलं की सगळं गुल! प्रवेशपरीक्षेत दोनदा नापास झालेय, वयाच्या अटीमुळे आता ही शेवटची संधी. पास झाले तर रुग्णालय नर्सिंगच्या प्रशिक्षणाला पाठवणार. नाहीतर निवृत्त होईपर्यंत वॉर्डात मदतनीस म्हणून चादरी बदलत राहायचं.

पुस्तकभर पिवळा पेन फिरवलाय. लेक म्हणते, "आई, आता जे पिवळं नाही तेच महत्त्वाचं वाटतंय." आगाऊ कार्टी! पण खरं बोलते.

७ जून
चादरी आणायला धुलाईखान्यात गेले. ओल्या कापडावर गरम इस्त्री फिरली – तो वास! पायच निघेना.

आमचं इस्त्रीचं दुकान आठवलं. दुकान कसलं, जिन्याखालची खोली. आई अंथरुणाला खिळली आणि ताईने नववीत शाळा सोडून इस्त्री हातात घेतली. मी पायरीवर बसून अभ्यास करायची. ताईचा नियम – एका शर्टाला एक पान. शर्टाची घडी झाली की पुस्तक पालथं. "आता सांग." मी घडाघडा म्हणायला लागले की कॉलरवर पाणी शिंपडत म्हणायची, "हे पुस्तकाचं झालं. तुझं सांग." अडले की नुसतं "मग?" असा राग यायचा! सकाळी वेणी घालताना पुन्हा कालचंच विचारायची. वेणी तिच्या हातात, पळणार कुठे?

फार सुखाचे दिवस होते. त्या पायरीवर पुन्हा जाऊन बसावंसं वाटतं.

८ जून
ताईला फोन केला. आधी पोट धरून हसली. "या वयात अभ्यास? केस पिकले की गं तुझे!" मग आवाज बदलला. "थांब, शर्ट घेते. वाच एक पान."

१९ जून
रोज संध्याकाळी ताई आणि मी. पिवळा पेन लेकीला देऊन टाकला.

आज मूत्रपिंड माझ्या शब्दांत सांगितलं – रक्त गाळलं जातं, गाळलेल्याची लघवी होते. ताई म्हणाली, "मग? एवढं सगळं पाणी बाहेर गेलं तर माणूस वाळून जाईल की!" मी झटकन पुस्तक उघडलं. त्यातलं बहुतेक पाणी शरीर परत घेतं! छापलेलं होतं, मीच पिवळं केलेलं. दोन वर्षं नुसतं रंगवत बसले होते.

२० जून
सकाळी सातला फोन. "कालचं सांग." वेणी नाही म्हणून काय झालं!

१२ जुलै
परीक्षा झाली. मूत्रपिंड आलं! लिहिताना कानात सारखं "मग? मग?"

२० ऑगस्ट
पास!!

२१ ऑगस्ट
ताईला कळवलं. तिने हातातली इस्त्री बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तुला वाटायचं मी तुझा अभ्यास घेते. वेडे, माझी शाळा सुटली होती ना – मी तुझ्याकडून ऐकायचे."

मला रडू फुटलं. ती म्हणाली, "रडतेस काय? दहावीला बाहेरून बसतेय. पुस्तकं आणलीत. आता तू ऐक."

कपाटातून लेकीचा शर्ट काढला. इस्त्री तापत ठेवली.

"हं ताई, वाच एक पान."