परवडेल असा मिस्त्री

३ फेब्रुवारी, मंगळवार

घरमालक येऊन गेला. मेअखेर खोल्या रिकाम्या करा — मुलगा परत येतोय, त्याला हव्यात. चहा घेतला, साखर कमी आहे म्हणाला, आणि गेला! पाच मिनिटांत बारा वर्षांचं बिऱ्हाड उठवलं.

हे आतल्या पलंगावर सगळं ऐकत होते. मी आत गेले तर डोळे मिटून घेतले.

४ फेब्रुवारी

रात्री दोनदा उठून पासबुक बघितलं. आकडा तोच.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

कामावर, दाताच्या दवाखान्यात बसून लिहितेय. डॉक्टर कोणाची तरी अक्कलदाढ काढताहेत, अर्धा तास तरी काउंटरवर मला कोणी हाक मारणार नाही.

लेकीशी फोनवर बोलले. तिचं एकच — आई, दुसरी जागा भाड्यानं घे. तळमजल्यावरची कुठे मिळतेय? जुलैत ह्यांना झटका आला. हॉस्पिटलातून आणल्यावर चौघांनी खुर्चीत घालून तिसऱ्या मजल्यावर चढवलं, त्यानंतर हे खाली उतरलेलेच नाहीत. सात महिने! खिडकीतून रस्ता बघतात. उजवा हात-पाय लुळा, बोलणं एकेका शब्दाचं. इतकी वर्षं सरकारी बांधकामावर सुपरवायझर होते, दिवसभर उन्हात उभं राहणारा माणूस.

आणि माझी जागा आहे की! बाबांनी दिलेली, माझ्या माहेरच्या नावावर. सोळा वर्षं नुसती पडून आहे. बांधायचंच. दोन खोल्या, जमिनीला लागून. पायरी नको, उंबरा नको. दारं एवढी रुंद की चाकाची खुर्ची सरळ आत गेली पाहिजे.

ठरवून टाकलं. ठरवल्यावर जास्तच भीती वाटायला लागली.

११ फेब्रुवारी, बुधवार

पहिला कॉन्ट्रॅक्टर. ऑफिस एवढं थंड की शाल न्यायला हवी होती. संगणकावर माझं घर दाखवलं — वर गच्ची, गच्चीला काचेचा कठडा, दारात एक लाल गाडी! म्हटलं, ही गाडी कोणाची? हसला. आकडा सांगितला तेव्हा माझं हसू गेलं. आमची शिल्लक आणि ह्यांची पेन्शन मिळून त्याच्या कठड्यापर्यंतसुद्धा पोचत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

दुसरा जागा बघायला आला. गाडीतून उतरलाच नाही. काच खाली करून म्हणाला, "सपाट आहे, काही प्रॉब्लेम नाही. निम्मे आत्ता द्या, सिमेंट वाढतंय."

जागेवर पायसुद्धा न ठेवता निम्मे! नाही दिले. घरी येईपर्यंत मात्र वाटत राहिलं, द्यायला हवे होते की काय.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज एक गंमत झाली. सुजलेला गाल घेऊन एक माणूस आला — साठीचा, नखांत सिमेंट. बाकावर बसला आणि टक लावून छताकडे बघायला लागला. आमच्या छताला एक लांब तडा आहे, मी रोज त्याच्याकडे बघते आणि रोज घाबरते. तो गाल धरून म्हणाला, "घाबरू नका ताई. नुसता गिलावा तडकलाय. वरचा स्लॅब ठणठणीत आहे."

गवंडीकाम करतात. सगळे मिस्त्री म्हणतात. विचारलं, छोटं घर बांधाल का? म्हणाले, "आधी दाढ. मग जागा बघतो."

२२ फेब्रुवारी, रविवार

मिस्त्री पहार घेऊन आले! चार कोपऱ्यांत चार खड्डे केले. रस्त्याकडच्या कोपऱ्यात पहार लोण्यात जावी तशी आत गेली. माती हातात घेऊन चुरली, माझ्या हातावरही ठेवली. "हा भराव आहे. कोणी तरी कधी तरी खड्डा बुजवलाय. इथे पाया घातला तर भिंत दोन वर्षांत खचेल. घर दहा फूट मागे घेऊ."

दुसरा कॉन्ट्रॅक्टर ह्याच कोपऱ्याकडे बोट दाखवून "काही प्रॉब्लेम नाही" म्हणाला होता.

आणि दर? त्याच्या जवळपास निम्मा. हप्त्याहप्त्याने, जेवढं काम तेवढे पैसे. चार महिने लागतील, मेअखेर होणार नाही, खोटं सांगत नाही, म्हणाले.

आनंद व्हायला हवा ना? मला धडकीच भरली. एवढं स्वस्त का?

२५ फेब्रुवारी, बुधवार

कळलं का ते.

सिमेंटच्या दुकानात भाव विचारायला गेले होते. सहज मिस्त्रींचं नाव काढलं. दुकानदाराने वजनकाटा खाली ठेवला. "त्यांच्याकडून बांधताय? नदीपलीकडच्या गावातल्या शाळेचा स्लॅब त्यांनीच पाडला होता. अकरा वर्षं झाली. एक मजूर गेला. सरकारी यादीतून नाव कायमचं काढलंय. कुंपणं, संडास, असली कामं करतात आता."

भाव विचारायचा राहिलाच. कशीबशी रिक्षा केली.

२६ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, "आज तिघांना एकच वेळ दिलीत तुम्ही!" खरंच दिली होती.

२८ फेब्रुवारी, शनिवार

तोंडावर विचारायचं ठरवलं. मिस्त्री एका बंगल्याचं कुंपण बांधत होते, तिथेच गाठलं. थापी बादलीत ठेवली, हात धुतले, मग बोलले.

"पडला. माझ्याच हातून. स्लॅबखालचे टेकू एकवीस दिवस ठेवायचे असतात. अकराव्या दिवशी निरोप आला — उद्घाटनाची तारीख ठरलीय, टेकू काढा. मी नाही म्हटलं. दुसऱ्यांदा साहेब स्वतः आले, काढा म्हणाले. काढले."

"मग चौकशीत सांगितलं नाही?"

"सांगितलं. साहेब म्हणाले, मी असं काही बोललोच नाही. लेखी कुठे होतं? आणि ताई, काढणारे हात तर माझेच होते ना."

मग एवढंच — "तुमच्या घराचे टेकू एकवीस दिवसांच्या आत मी काढणार नाही. तुम्ही पाया पडलात तरी नाही. चालत असेल तर बोलवा."

परत येताना रडू आलं. का ते कळेना.

१ मार्च, रविवार

त्या काळात ह्यांची बदली नदीपलीकडेच होती, दर रविवारी घरी यायचे. म्हणून विचारलं, तुम्हाला आठवतंय का शाळेचं ते प्रकरण? तोच मिस्त्री आपलं घर बांधायला तयार आहे.

ह्यांनी डाव्या हाताने पेला भिरकावला. "नको! नको! तो... नको!"

इतकं मोठ्याने झटक्यानंतर पहिल्यांदाच बोलले. खालच्या वहिनी धावत वर आल्या. मी त्यांना सांगितलं, स्लॅबची भीती वाटते हो ह्यांना.

५ मार्च, गुरुवार

चार दिवस अबोला. हे जेवताना तोंड फिरवतात. अहो, मी कुठून आणू दुसरा? तुमच्या भीतीपायी तुम्हालाच आयुष्यभर खिडकीत बसवू?

आज मिस्त्रींना पहिला हप्ता दिला. ह्यांना न सांगता. लग्नाला चौतीस वर्षं झाली, असं पहिल्यांदाच केलं.

१६ मार्च, सोमवार

खोदाई झाली. मिस्त्री आणि दोन माणसं. रोज दवाखाना सुटला की जाते. सळया मोजते — मला काय कळतंय त्यातलं! तरी मोजते. मिस्त्री हसत नाहीत. एकदा मीच एक कमी मोजली तर उतरून माझ्याबरोबर परत मोजल्या.

घरमालकाने जूनअखेरपर्यंत मुदत दिली. वाढीव भाड्यावर. बाकीचे दिवस कुठे काढायचे, देव जाणे.

२९ मार्च, रविवार

पाया वर आला. दोन खोल्या जमिनीवर दिसायला लागल्या. मी आखलेल्या दारातून चालून बघितलं, वेड्यासारखी तीनदा.

पुढच्या रविवारी लेक येतेय. ह्यांना खाली उतरवून जागा दाखवायची. हे नको म्हणतात. सात-आठ महिने रस्त्याकडे डोळे लावून बसलेला माणूस, आणि आता उतरायला नको! मला काही समजेनासं झालंय.

५ एप्रिल, रविवार

लिहायला नको वाटतंय. तरी लिहिते.

लेक, खालच्या वहिनींचा नवरा आणि दोन हमाल — खुर्ची उतरवली. रिक्षातून नेलं. मिस्त्री पायाच्या बांधकामावर पाणी मारत होते. वळले. नळी हातातून सुटली, पाणी नुसतं वाहत राहिलं.

म्हणाले, "साहेब."

एवढंच. ह्यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. खांदे हलत होते. लेक विचारतेय — बाबा, काय होतंय? बाबा? मला मात्र कोणी काही सांगायची गरज उरली नव्हती.

मिस्त्रींना बाजूला गाठलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"नाही ताई. जागेच्या कागदावर तुमच्या माहेरचं नाव. तुम्ही म्हणायच्या, 'आमचे हे'. मी कसं ओळखणार?"

"उद्या याल का?"

नळी उचलून परत पाणी मारायला लागले. मग, "पाया उघडा टाकून कुठे जाऊ?"

७ एप्रिल, मंगळवार

दोन दिवस लागले ह्यांना सांगायला. एकेक शब्द. "मी... म्हटलं... काढ." मग "चौकशीत... खोटं." मग नुसते रडले. त्या वर्षीच बढती मिळाली होती. मी शेजारीपाजारी पेढे — नाही, नाही लिहवत.

तेव्हा रविवारी घरी आले की जेवायचे नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडायचे. मी रक्तदाबाच्या गोळ्या आणून दिल्या होत्या. गोळ्या!

रागाने अंगाची लाही होतेय. ह्यांचं तोंड पुसून देताना हात जरा जोरातच फिरतो. फिरू दे.

९ एप्रिल, गुरुवार

मिस्त्री येतात. भिंत कमरेइतकी झाली. माझ्याशी पूर्वीसारखंच बोलतात, आणि तेच मला सोसत नाही. हा माणूस मला परवडला तो कशामुळे, हे आता मला माहीत आहे. त्यांच्या हप्त्याची पाकिटं देताना नजर वर होत नाही.

१२ एप्रिल, रविवार

ह्यांनी डाव्या हाताने पाटीवर लिहिलं — अर्ज. वेडंवाकडं, पण वाचता येत होतं. खाली — खरं.

लेकीला फोन केला. ती भडकली. "आई, आता कशाला उकरून काढता? पेन्शन थांबवली म्हणजे? अर्ध्या भिंती आहेत तुमच्या!" बरोबरच आहे तिचं. दिवसभर तेच डोक्यात — अर्ध्या भिंती, जूनअखेर, माझा दवाखान्यातला पगार. त्यात औषधं भागतील की भाडं?

मिस्त्रींना विचारलं, अर्ज करू का? विटेवर वीट ठेवत राहिले. म्हणाले, "गेलेला माणूस काही परत येणार नाही." पुढची वीट हातात धरून थांबले. "पण त्याच्या घरचे मला बघून अजून रस्ता बदलतात."

१४ एप्रिल, मंगळवार

अर्ज मीच लिहिला, ह्यांनी सांगितला तसा — टेकू मी काढायला लावले, चौकशीत खोटं बोललो, मिस्त्रींचं नाव यादीत परत घ्या. एक कागद लिहायला चार तास. एका ठिकाणी मी "गैरसमजुतीने" असं घातलं. ह्यांनी बोट ठेवून खोडायला लावलं.

शेवटी डाव्या हाताची सही.

१५ एप्रिल, बुधवार

दवाखान्यातून दोन तासांची सुट्टी घेतली. बांधकाम खात्याच्या कचेरीतल्या खिडकीपाशी माझा सहावा नंबर. कारकुनाने कागद उलटापालटा केला, चष्मा वर सरकवला.

"अर्ज कोणाविरुद्ध आहे, बाई?"

म्हटलं, "माझ्या नवऱ्याविरुद्ध. त्यांनीच दिलाय."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला.