बीपीची सरासरी

४ जानेवारी २०११, मंगळवार
आजपासून दर मंगळवारी आमच्या सरकारी दवाखान्यात बीपी-शुगरची ओपीडी. प्रमुख मीच. संकल्प : पेशंटवर ओरडायचं नाही. भिंतीवर आलेख लावला. दर महिन्याला सगळ्या पेशंटच्या बीपीची सरासरी काढायची आणि वर्षभरात ती खाली आणायची. बाहेरचा बाक भरलेला. सरासरी भयानक.

११ जानेवारी
शालीकराम, वय पन्नास. बीपी १९०/११०, शुगर, वर दिवसभर तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. गोळी रोज घेता का, विचारलं. म्हणाले, "खातो नं जी. डोस्कं दुखलं का खातो." समजावून सांगितलं. रंजिता सिस्टर म्हणतात, समजावणं सायकल स्टँडपर्यंत ऐकू गेलं. आवाज मुळातच खडा आहे.

२५ जानेवारी
शालीकराम आले नाहीत. मागच्या वेळीही नव्हते. गोळ्या संपल्या असतील, एवढ्या बीपीत लकवा मारेल, फोन करू का, असं सिस्टर विचारत होत्या. नको म्हटलं. लाडावलं की लोक डोक्यावर बसतात. गरज असेल तो येईल.

१५ फेब्रुवारी
गर्दी कमी. कचारगडची यात्रा. सरासरी मात्र उतरली! समजावण्याचा परिणाम.

२२ मार्च
गर्दी आणखी कमी. मोहफुलं वेचायला गेले असणार. सुलोचनाबाई तेवढ्या नेमाने येतात. बीपी १२०/८०. सिस्टर म्हणतात, त्यांना हा आजार कधी नव्हताच, बाजाराला आल्या की मोजून घेतात. काही का असेना, सरासरीला फार उपयोगी बाई.
जास्त बीपीवालेच यायचे थांबलेत, असंही सिस्टरचं म्हणणं. त्या भावनेच्या भरात बोलतात. मी आकडे बघतो.

१९ एप्रिल
जिल्ह्याच्या बैठकीत आलेख दाखवला. टाळ्या. मोठे साहेब म्हणाले, "क्या बात है डॉक्टर, राज़ क्या है?" म्हटलं, पेशंटशी संवाद.

१० मे, मंगळवार
सकाळी शालीकरामांना जीपमधून आणलं. उजवी बाजू गेली. वाचा गेली. बीपी २२०/१३०.
बायकोला, शामकलाबाईंना, विचारलं, चार महिने काऊन नाही आणलं? म्हणाल्या, "तुमाले भेऊन राह्यले होते जी. गोळ्या सरल्या. म्हनत, आता गेलो तर साहेब सगळ्याइच्या समोर बोलतीन."
मी बीपीचा पट्टा सोडवायला लागलो.
मग त्याच म्हणाल्या, "आता बोला नं साहेब, जेवढं बोलाचं तेवढं. आता उठून नाही जाऊ सकत ते."
शालीकराम माझ्याकडे बघत होते. रेफरची चिठ्ठी लिहिली. अँब्युलन्स गेली.
दुपारी ओपीडी. सुलोचनाबाई एकट्याच.
सिस्टरने विचारलं, शालीकराम या महिन्याच्या सरासरीत धरायचे का? म्हटलं, ते कॅज्युअल्टीत आले, ओपीडीत नाही. नियमाने धरता येत नाहीत.
आलेखावर मेचा ठिपका खालीच दिला.